उंबरवाडीस हवा मिळेल

मुक्काम उंबरवाडी, पेटा मुळशी
वैशाख वद्य पंचमी, शके १८८२

राजमान्य राजेश्री वाल्मीकराव दाजी यांचे सेवेशी,

धरणाकाठच्या हैबतरावाचा समुद्राकाठी शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सर्वजण इकडे खुशाल आहोत (म्हशीच्या डाव्या खुराला सूज आहे, पण म्हशीची खुशाली पत्रात धरत नाहीत). आपली, चंद्राअक्काची आणि मुलांची खुशाली कळवत जावी. अक्काची कंबर कशी आहे? यंदा सुपारीला फळ कसे धरले? वैशाख चालू आहे म्हणजे आपली माडी मुंबईच्या पाहुण्यांनी भरलेली असणार आणि आपल्याला हे पत्र वाचायला फुरसत नसणार, हे मी जाणून आहे. तरी जेवणानंतर सुपारी कातरताना वाचावे. पत्रास खास कारण असे नाही आणि मागणे तर मुळीच नाही.

आपण संक्रांतीच्या कार्डात शेवटी एक ओळ लिहिली होती, की तुमच्या त्या हवेच्या धंद्याचे काय झाले. ओळ एकच होती, पण तिच्यातले आपले हसू मला इथवर ऐकू आले. तेव्हा त्या ओळीचे हे सविस्तर उत्तर समजावे.

अडीच वर्षांमागे दिवाळी आटोपल्यावर मी ताम्हिणीची वाट पायी उतरून, निजामपूर-माणगाव करत श्रीवर्धनला आपल्याकडे आठ दिवस राहून गेलो. त्या आठ दिवसांत मी जे पाहिले त्याने माझे डोके फिरले. धडधाकट, शिकलेली माणसे आपल्या माडीवर येऊन राहतात, सकाळी उठून बाकावर बसतात, पाण्याकडे बघतात, जेवतात, पुन्हा येऊन पाण्याकडे बघतात, आणि जाताना वर आपलेच आभार मानून जातात. मी आपल्याला याची युक्ती विचारली. आपण म्हणालात, "हैबतराव, पाणी दाखवायचं आणि गप्प बसायचं." त्यातले पहिले दोन शब्द मी जपून घरी आणले. पुढचे तीन घाट चढताना कुठेतरी पडले असावेत, कारण पुढे जे जे घडले ते सगळे मी गप्प न बसल्यामुळे घडले.

पाणी आमच्याकडेही आहे. दिवाळीत धरण भरलेले असते तेव्हा ते आमच्या खळ्याच्या बांधाला लागते आणि समोरचा डोंगर त्यात उलटा दिसतो. आपल्या समुद्रात डोंगर उलटा दिसत नाही, हे मी मुद्दाम पाहून ठेवले होते. फरक काय तो मिठाचा. म्हणून मी पडवीतल्या दोन खोल्यांमधले कांदे माळ्यावर चढवले, भिंतींना चुना दिला, आणि आमच्या शाळामास्तरांकडून एक पाटी रंगवून घेतली. मास्तरांचे अक्षर टपोरे. 'उंबरवाडीस हवा मिळेल' एवढ्यातच फळी संपली, आणि 'राहण्याची सोय' हे शब्द खाली मुंगीएवढ्या अक्षरांत बसवावे लागले. पाटी पौडला एस.टी. थांबते तिथल्या चहाच्या दुकानावर टांगली.

आमच्या गावी हवा खाण्यासाठी आलेला पहिला प्रवासी म्हणजे बहिरू नावाचा दूधवाला. पाटी वाचून तो पौडाहून सहा कोस सायकल हाताने ओढत आला. घामाने निथळत होता. हवा कुठे मिळेल म्हणून त्याने विचारले. मी त्याला आदराने बांधावर नेले, पश्चिमेकडे तोंड करून उभे केले आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगितले. त्याला धाप लागलेलीच होती, त्यामुळे श्वास त्याने चांगले घेतले. मग म्हणाला, "मालक, समदं खरं, पर हवा मागच्या चाकात पायजे हुती."

पंप गावात नव्हता. बहिरू पिठलंभाकरी खाऊन, दोन तास पडवीत पडून, सायकल ओढत परत गेला. त्या वर्षी त्याच्यामागून आणखी दोन सायकली आणि एक ट्रक आला. ट्रकवाल्याची भाषा मी पत्रात लिहू शकत नाही. आमच्या घरच्या मंडळींनी, म्हणजे साळूने, मला सुचवले की पाटी राहू द्या, त्यापेक्षा पंप आणा. मी पाटी उतरवून आणली, खालची बारीक अक्षरे खरवडली आणि तिथे 'रुग्णांस व थकलेल्यांस' असे लिहून घेतले. मागच्या वैशाखात त्या अक्षरांनी खरोखरचे पाहुणे आणले.

लीलाबाई म्हणून पुण्याच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवतात. विषमज्वरातून उठल्या होत्या. डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली होती, पण बोटीच्या नुसत्या नावाने त्यांना उलटी होते. सोबत जया ही भाची, चित्रे काढणारी. दोन बाया, एक वळकटी, एक स्टोव्ह आणि बरोबर पुरुषमाणूस नाही, असे बैलगाडीतून उतरले तेव्हा सारा गाव आमच्या खळ्यावर जमला. (आमच्या गावचा म्हातारा गेणबा तर पुरुषमाणूस मागून चालत येत असेल म्हणून दिवस मावळेपर्यंत वाटेकडे बघत बसला होता.) लीलाबाईंनी हातपाय धुतले, चहा घेतला, अंगणात आल्या आणि मला विचारले, "पाणी कुठे आहे?"

दाजी, इथे मला आपल्याला एक गोष्ट सांगितली पाहिजे. धरणाचे पाणी बोगद्यातून खाली विजेसाठी जाते. दिवाळीला खळ्याशी असलेले पाणी वैशाखात अर्धा मैल लांब जाऊन बसते, आणि मधे राहतो तो भेगाळलेला चिखल, काही दगड आणि धुळा धनगराच्या शेळ्या. हे मला माहीत नव्हते असे नाही. जन्म काठावर गेला. पण पाटी रंगवताना माझ्या डोळ्यांपुढे दिवाळी होती. मला आपल्याकडची भरती-ओहोटी आठवली आणि तोंडातून निघून गेले, की ओहोटी आहे बाई, संध्याकाळपर्यंत येईल पाणी.

संध्याकाळी पाणी आले नाही. मी म्हणालो, आज एकादशी, उद्या बघा. भूगोलाच्या बाईंना मी हे सांगत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून त्या चिखलातून पार पाण्यापर्यंत गेल्या, अगदी कडेला एक काठी रोवली, घड्याळात वेळ पाहिली आणि वहीत लिहून ठेवली. दुपारी जेवून त्या कलंडल्या तसा मी धोतर वर खोचून निघालो, काठी उपटली आणि चार पावले पुढे पाण्यात रोवून आलो. उठल्यावर त्यांना पाणी काठीच्या अलीकडे आलेले दिसले. त्यांनी वहीत लिहिले. तिसऱ्या दिवशीही मी तेच केले. चौथ्या दिवशी काठी उपटताना गुडघाभर चिखलात रुतलो, आणि वर पाहतो तो काठावर छत्री घेऊन लीलाबाई उभ्या. शेजारी धुळा. धुळ्याचे मन निर्मळ. तो त्यांना समजावून सांगत होता, "ह्ये रोज ह्याच टायमाला येत्यात, काठी उपटत्यात आन् म्होरं लावत्यात. काय नवस हाय कुनास ठावं."

लीलाबाई एवढेच म्हणाल्या, "हैबतराव, मी बावीस वर्षं भूगोल शिकवते." धुळ्याने मला ओढून बाहेर काढले. एक वहाण आत राहिली ती राहिलीच.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी त्याच संध्याकाळी अंगणात, गेलेली अब्रू परत आणायच्या खटपटीत होतो. चिखलात ते ओळीने दगड दिसतात ते कसले म्हणून जयाने विचारले आणि मी म्हणालो, जुना किल्ला आहे. तिने कोणाचा म्हणून विचारले. मी म्हणालो, फार जुना. त्या पलीकडच्या चौकोनाला मी दिवाण-ए-खास म्हणायच्या बेतात होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

आपल्याला आमची रंभाकाकी ठाऊक आहे. आई गेल्यावर अक्काला आणि मला तिनेच वाढवले. काका धरणाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले. पाणी चढले त्या वर्षी खालचे गाव सोडून आम्ही इथे वर आलो, आणि पुढच्याच वर्षी काका वारले. तेव्हापासून काकी अंगणात बसते ती पाण्याकडे पाठ करून. निवडणे, टिपणे, शिव्या देणे, सगळे पाठ करून. बत्तीस वर्षांत तिने त्या बाजूला मान वळवलेली कोणी पाहिली नाही, आणि तिच्यासमोर खालच्या गावाचे नाव काढायची आमची कोणाची छाती नव्हती. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. मला नुसती एक पायरी आठवते, तीही पडलो होतो म्हणून.

तर काकी सूप खाली ठेवून उठली, वळली, आणि त्या दगडांकडे बोट करून जयाला म्हणाली, "किल्ला न्हाई त्यो. आमची न्हाणी हाय ती."

साळू चुलीपासून उठून दारात आली. काकीने मग माझ्याकडे पाहिले. "आन् ह्यो जलमला त्याच घरात," ती म्हणाली. "सोत्ताच्या बापाचं घर ह्याला वळकंना, आन् दुसऱ्याला दावतुया." एवढे बोलून ती काठी घेऊन चालायला लागली. लीलाबाई आणि जया मागून, त्यांच्यामागे साळू, आणि सगळ्यांच्या शेवटी एका पायात वहाण घालून मी.

दाजी, ती चिखलातून अशी चालत होती जशी बाजाराहून घरी येत असावी. इथे वळायचे, इथे उंबराचा पार, इथून गल्ली. मला कुठेच काही दिसत नव्हते, नुसते दगड. एका ठिकाणी ती थांबली, वहाणा काढल्या, आणि आम्हाला म्हणाली, "ह्यो उंबरा. पायातलं भाईर काडा." आम्ही सगळ्यांनी चिखलात उभे राहून वहाणा काढल्या. मग तिने एकेक जागा दाखवली. ही चूल, हे जाते बसवलेली जागा, हा गोठा, इथे काका बसून पत्रे लिहीत. मला म्हणाली, "आन् ह्या पायरीवरनं तू पडलास." पायरी तीच होती. दाजी, अडतीस वर्षांचा बाप्या मी, त्या पायरीवर बसलो आणि मला उठवेना. लीलाबाईंनी वही मिटून ठेवली. जयाने मात्र कागद काढला आणि काकी सांगेल तसा गावाचा नकाशा काढायला बसली.

दुसऱ्या दिवशी सगळी म्हातारी माणसे खाली उतरली. कोणाला चूल सापडली, कोणाला उखळ. गेणबा आणि त्याचा खालच्या गावातला शेजारी भिकू यांची बोलचाल बंद झाल्याला पस्तीस वर्षे झाली होती, मधल्या भिंतीवरून. भिंत कोणाच्या जागेत हा प्रश्न पाण्याखाली गेला म्हणून तसाच राहिला होता. आता जोते उघडे पडल्यावर दोघांनी सुंभ आणून मापे घेतली, आणि वीतभर गेणबाचे खरे निघाले. मला वाटले डोकी फुटतात. पण गेणबा म्हणाला, "असू दे, आता वीतभराला काय करू, मासं पाळू?" तेव्हापासून दोघे बोलतात. (फार बोलतात. पूर्वीचे बरे होते असे त्यांच्या सुना म्हणतात.)

काकी माझ्याशी मात्र बोलायची बंद झाली. किल्ला म्हणालो हे तिने मनावर घेतले. मला काही सांगायचे असले की म्हशीला सांगायची. "म्हशे, त्याला म्हनावं भाकर निवतीया." मी समोर उभा असे. मिरगात पाऊस लागला, पाणी चढले, घर पुन्हा बुडाले, काकी पुन्हा पाठ करून बसली, आणि म्हशीमार्फत आमचा संसार चालू राहिला.

इकडे लीलाबाई तब्येतीने सुधारून पुण्याला गेल्या आणि त्यांनी जयाचा नकाशा शाळेच्या भिंतीवर लावला. त्याचा परिणाम यंदा पाडव्यानंतर दिसू लागला. त्याआधी एक गोष्ट घडली ती लिहितो. चैत्रात एके सकाळी मी गोठ्यात होतो. काकी दारात आली, म्हशीकडे न बघता थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "हैबत, चल. घर उगडं पडलंय." आम्ही दोघे गेलो आणि झाडून घेतले. चिखल झाडत नाहीत हे मला कळते, पण ती झाडत होती म्हणून मीही झाडला.

आता दर रविवारी पुण्याहून तीस-चाळीस माणसे येतात. माझी पाटी कोणी वाचत नाही, सगळे काकीची चौकशी करत येतात. ती कोणाकडून काही घेत नाही. तिच्या अटी दोनच, वहाणा बाहेर आणि दारातून आत. मागल्या आठवड्यात सोला टोपीवाले एक मोठे साहेब भिंतीच्या दगडावरून टांग टाकून सरळ मधल्या घरात आले. काकी म्हणाली, "भिताडावरनं कोन येतं ठावं हाय का? चोर." साहेबांनी हसून सांगायचा प्रयत्न केला, की आता भिंत कुठे आहे. काकी म्हणाली, "वर्साचं दहा म्हयनं पान्यात ऱ्हातं, म्हून घराचं घरपन जातं व्हय?" साहेब परत फिरले, फेरा घालून उंबऱ्यापाशी आले, बूट काढले, टोपी काढली आणि "येऊ का?" म्हणून विचारले. "या, बसा," काकी म्हणाली. बसायला काही नव्हते. साहेब पांढऱ्या विजारीनिशी चिखलात बसले आणि काकीने घरात नसलेल्या तांब्यासाठी साळूला हाक मारली. साळू वरच्या घरातून पाणी घेऊन धावत खाली आली. अर्धा मैल. आता ती एक घागर खालीच ठेवते.

आणि दाजी, सगळेच काही सहलीला येत नाहीत. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्म घालवलेला एक म्हातारा आला. तो उंबऱ्याच्या आधीच वहाणा हातात घेऊन उभा होता. कोणाचे घर बघायचे म्हणून मी विचारले. तो म्हणाला, "दावू नगा. मीच हुडकतो." दुपारभर हिंडला. शेवटी काकीनेच त्याला हाताला धरून त्याच्या जोत्यावर नेऊन उभे केले आणि बाजूला झाली. तिथे तिने त्याला काहीही सांगितले नाही. पाणी दाखवायचं आणि गप्प बसायचं, हे आपण मला सांगितलेत, पण ते येते तिला.

तर धंद्याचे हे असे झाले. श्रीवर्धनच्या तोडीस तोड पाहुणे वर्षात आणून दाखवीन असे मी आपल्या ओट्यावर बसून म्हणालो होतो, ते पाहुण्यांच्या बाबतीत खरे झाले आणि माझ्या बाबतीत खोटे. माझे काम वहाणा सांभाळण्याचे. परवा एका बाईंनी मला इथला नोकर समजून विचारले, की आजींचे घरवाले कोणी असतात का. मी म्हणालो, असतात.

आपल्या घरातील लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि समुद्राला आमच्या गोड्या पाण्याचा रामराम.

आपला
हैबतराव

ता. क. वर मागणे नाही म्हणून लिहिले आहे ते खोटे आहे. अक्काला आठ दिवस माहेरी पाठवावे. एवढी एकच ओळ लिहायची होती, पण आपल्यापुढे ती सरळ लिहायचा धीर होईना म्हणून आधी एवढे कागद भरले. अक्का सहा वर्षांत आलेली नाही. दिवाळीला विचारावे तर आपल्याकडे पाहुणे, वैशाखात विचारावे तर पाहुणे, आणि पावसात घाट बंद. मागच्या खेपेला मी विचारले तेव्हा आपण "आता हंगाम आहे" म्हणालात आणि अक्का आत मासे तळत होती. तिने मान वर केली नाही. माणगावपर्यंत आपण आणून सोडावे, पुढे न्यायला मी आणि धुळा घोडे घेऊन येतो. कमरेला त्रास होणार नाही.

ता. क. दुसरा. जया सध्या इथेच आहे. मी पत्र वाचून दाखवल्यावर काकी म्हणाली, ह्याला लिहिता येत न्हाई, मी सांगते ते लिव्ह. म्हणून पुढचे अक्षर जयाचे आणि शब्द काकीचे आहेत.

"वाल्मीकरावास्नी रंभाबाईचा रामराम. चंद्री ह्याच घरात जलमली. तिची नाळ मी माझ्या हातानं मागल्या पडवीच्या कोपऱ्यात पुरली हाय. त्यो कोपरा परवा गावला. पोरीला कंदी दावला न्हाई. तुमच्या पाव्हण्यांना म्हनावं, आठ दिस मासं आपल्या हातानं तळा. मिरीग लागला की पानी चडतंय. मग ती आली तरी तिला दावाया माज्याजवळ काय ऱ्हात न्हाई."